साच्यातला ख्रिस्त आणि पाषाणातला ख्रिस्त

यंदाच्या प्रायश्चित्तकाळातील दुसऱ्या शुक्रवारी डोंगरकडा येथील आमच्या लहानशा प्रार्थनामंदिरात क्रुसाची वाट चालू होती. पाचव्या स्थानाची प्रार्थना आटोपून आम्ही सहाव्याकडे वळलो, तोच त्या स्थानाची चौकट खिळ्यावरून निसटली आणि फरशीवर आपटली. इजा कोणाला झाली नाही. वेरोनिकेचा हात मनगटापासून तुटला होता, प्रभूच्या चेहऱ्याचे तीन तुकडे झाले होते आणि आतून पांढरी भुकटी व काथ्याचे धागे बाहेर आले होते. एका मुलाने तुकडे गोळा करून वेदीच्या पायरीवर ठेवले. भिंतीवरील रिकाम्या खिळ्यासमोर गुडघे टेकून आम्ही पुढील प्रार्थना म्हटली.

त्या चौदा चौकटी अकरा वर्षांपूर्वी आम्हीच आणल्या होत्या. शहरातील एका दुकानाचे रंगीत सूचिपत्र पाहून, आकार आणि किंमत यांचा मेळ घालून, आम्ही मागणी नोंदवली होती. आणि खोकी उघडली तेव्हा आम्हाला अभिमानही वाटला होता. मराठवाड्यातील पावसाळ्याची ओल आणि उन्हाळ्याची काहिली प्लास्टरला सोसवत नाही, हे काही वर्षांतच ध्यानात आले. सैनिकांच्या शिरस्त्राणांवरचा सोनेरी रंग प्रथम उडाला, मग नाके झिजली, मग बोटे गेली. तेव्हा या लेखात जे काही कठोर लिहिले जाईल त्याचे पहिले लक्ष्य आम्ही स्वतःच आहोत, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे.

पुढील रविवारी मिस्सानंतर कुटुंबप्रमुखांची बैठक बसली. नवा संच आणावा, तो फायबरचा असावा, म्हणजे धुता-पुसता येईल, असा सूर निघाला. नवे सूचिपत्रही कोणीतरी आणले होते. तेच गुलाबी गाल, तेच निळे डोळे, तेच रेशमासारखे केस. फक्त रंग अधिक चकचकीत. इतक्यात दाराशी बसलेले आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध पाथरवट उठून उभे राहिले. त्यांच्या हातचे पाटे-वरवंटे आणि जाती या पंचक्रोशीतील अनेक घरांत आहेत. घरोघरी मिक्सर आल्यापासून त्यांचे काम आटले. आता ते कबरींवरील क्रूस आणि नावे कोरतात. ते म्हणाले, "फादर, दगड माझ्याकडं हाय. एक स्थान करून बघू का?"

क्षणभर कोणी बोलले नाही. मग मागून आवाज आला : "पाटे टाकवणाऱ्यानं आता देव घडवायचा व्हय?" आणि सभा हसली.

त्या हसण्याला उत्तर द्यावे म्हणून हा लेख लिहीत आहोत. बैठकीत आम्हाला ते देता आले नाही, कारण तेव्हा आम्हाला ते नीट ठाऊक नव्हते. सेमिनरीत शिकलेला ख्रिस्तसभेचा इतिहास आम्ही पुन्हा उघडला, जुनी पुस्तके चाळली, आणि आमची खात्री झाली की त्या हसण्यात अज्ञान तर होतेच, पण त्याहून वाईट असे काही होते. ज्या हातांनी ख्रिस्तसभेचे सौंदर्य घडवले त्या हातांचा तो उपहास होता. आणि ते हसणारे लोकही कष्टकऱ्यांचीच लेकरे होते.

प्रथम शिल्पाचा एक प्रकार समजून घेऊ. सुटी मूर्ती ही चहूबाजूंनी घडवलेली असते. तिच्याभोवती फिरता येते. चित्र सपाट असते. या दोहोंच्या मध्ये उत्थित शिल्प असते : आकृती पाटीतून वर उठते, परंतु पाटीपासून सुटत नाही. सुट्या मूर्तीपुढे आपण नमन करतो. ती बहुधा एकटी असते. उत्थित शिल्पात गर्दी मावते, रस्ता मावतो, घर, झाड, घोडा, रडणाऱ्या बाया, हसणारे शिपाई मावतात. म्हणूनच कथा सांगण्यासाठी त्याच्यासारखे माध्यम नाही, आणि म्हणूनच क्रुसाची वाट, जी मुळात पावलापावलाने सांगितलेली कथा आहे, तिला हा प्रकार स्वाभाविक शोभतो.

या कथनाला ख्रिस्तसभेने फार पूर्वी मान्यता दिली. इ. स. ६०० च्या सुमारास मार्सेय नगरीचा बिशप सेरेनुस याने लोक प्रतिमांची पूजा करू लागतील या भयाने आपल्या देवळातील प्रतिमा फोडल्या, तेव्हा परमगुरू थोर ग्रेगरी यांनी त्याला पत्र लिहून बजावले. पूजेला मनाई केलीस ते योग्य. पण फोडलेस ते अयोग्य, कारण ज्यांना अक्षर येत नाही ते भिंतीवर वाचतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला हे समजावून सांगण्याची गरज पडली नसती. शाळेचा उंबरठा ज्यांना ओलांडू दिला गेला नाही, त्यांनी शुभवर्तमान कानांनी आणि डोळ्यांनीच शिकून घेतले.

आता ज्या युरोपातील चेहरे आपण सूचिपत्रातून मागवतो, त्या युरोपानेच आपली शिल्पे कशी घडवली ते पाहू. पंधराव्या शतकाच्या अखेरीस आणि सोळाव्याच्या आरंभी, म्हणजे प्रबोधनाचे वारे आल्प्स पर्वताच्या उत्तरेस पोहोचत असताना, जर्मनी, पोलंड आणि नेदरलँड्स येथील देवळांतून लाकूड आणि दगड यांतील उत्थित शिल्पांचा अपूर्व बहर आला. त्यातील एक काम तर थेट आमच्या विषयाचे आहे. जर्मनीतील न्युरेंबर्ग नगरात ॲडम क्राफ्ट नावाचा पाथरवट होता. १५०५ ते १५०८ च्या सुमारास त्याने नगरातून संत योहानच्या दफनभूमीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने वालुकाश्मातील उत्थित शिल्पे उभारली. प्रभूच्या दुःखसहनाची ही वाट सात स्थानांची होती. आजची चौदा ही संख्या परमगुरू बारावे क्लेमेंट यांनी १७३१ मध्ये निश्चित केली. क्राफ्टच्या स्थानांखाली लेख कोरलेले आहेत, आणि त्यांत पिलाताच्या घरापासून किती पावलांवर ही घटना घडली हे सांगितले आहे. म्हणजे आपल्या प्रेतयात्रा जिथून जातात तो नेहमीचा रस्ता त्या नगराच्या लोकांसाठी यरुशलेमचा रस्ता झाला. मूळ शिल्पे आता तेथील वस्तुसंग्रहालयात जपली आहेत आणि रस्त्यावर त्यांच्या प्रतिकृती आहेत.

याच क्राफ्टने १४९३ ते १४९६ या काळात त्याच नगरातील संत लॉरेन्सच्या देवळात पवित्र साक्रामेंत ठेवण्यासाठी सुमारे वीस मीटर उंचीचा पाषाणी मनोरा उभारला. त्याच्या तळाशी गुडघे टेकलेल्या मानवी आकृती तो मनोरा खांद्यांवर पेलताना दिसतात. त्यांतील एक स्वतः क्राफ्ट आहे. दाढीवाला, कामाच्या पोशाखातला, हातात छिन्नी-हातोडा घेतलेला. वर प्रभूचे शरीर, आणि खाली तो भार वाहणारा पाथरवट! आमच्या बैठकीत जे हसले त्यांनी ही आकृती एकदा डोळ्यांसमोर आणावी. ज्याने देवाचे घर घडवले त्याला त्या घरात कामाच्या कपड्यांनिशी बसवताना न्युरेंबर्गच्या लोकांना लाज वाटली नाही.

दुसरे उदाहरण टिलमन रीमनश्नायडर याचे. रोथेनबुर्गच्या संत याकोबाच्या देवळातील पवित्र रक्ताची वेदी त्याने १५०१ ते १५०५ या काळात कोरली. मध्यभागी शेवटचे भोजन आहे. डाव्या पंखावर यरुशलेम-प्रवेश आणि उजव्या पंखावर गेथशेमनीची बाग उत्थित शिल्पात आहे. वैशिष्ट्य असे की त्याने या लाकडावर मूर्तींना नेहमी देतात तसे रंग चढवले नाहीत. लिंडेन वृक्षाचे लाकूड, त्यावरील हत्याराचा मागोवा आणि खिडकीतून येणारा उजेड एवढ्यावरच त्याने भागवले. चेहरे त्याच्या भोवतालच्या माणसांचे आहेत, थकलेले आणि विचारात पडलेले. १५२५ मध्ये जर्मन शेतकऱ्यांचा उठाव झाला तेव्हा हा रीमनश्नायडर व्युर्झबुर्ग नगराच्या कारभारी मंडळात होता. मंडळाने शेतकऱ्यांविरुद्ध शस्त्र धरण्यास नकार दिला. उठाव चिरडला गेल्यावर त्याला तुरुंगात टाकून त्याचा छळ करण्यात आला आणि त्याच्या मालमत्तेचा काही भाग जप्त झाला. १५३१ मध्ये तो वारला. ज्याने गरिबांचे चेहरे प्रेषितांना दिले, त्याने गरिबांच्या बाजूची किंमतही मोजली.

तिसरे उदाहरण पोलंडमधील क्राकोव्ह येथील पवित्र मरियेच्या देवळाची वेदी. फाइट श्टोस याने ती १४७७ ते १४८९ अशी बारा वर्षे खपून घडवली. मध्यभागी बारा प्रेषितांच्या मेळ्यात मरियामाता गुडघ्यांवर कोसळत प्राण सोडते आहे, आणि पंखांवर तिच्या व प्रभूच्या जीवनातील प्रसंग उत्थित शिल्पात आहेत. प्रेषितांच्या हातांवर फुगलेल्या शिरा आहेत, कपाळांवर सुरकुत्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ही वेदी उचलून जर्मनीत नेली. युद्धानंतर ती परत आणली गेली. सूचिपत्रातून मागवलेल्या वस्तूसाठी कोणी इतकी धडपड करीत नाही. तिची दुसरी प्रत मागवता येते.

येथे कोणी जाणकार आक्षेप घेईल, आणि तो घ्यावाच, की त्याच काळात बेल्जियममधील अँटवर्प नगरात कोरीव वेद्या बाजारासाठी तयार होत आणि जहाजांतून दूरदेशी विकल्या जात. हे खरे आहे. परंतु अँटवर्पचा प्रत्येक तुकडा कोणीतरी छिन्नीने कोरलेला असे. कारागिरांच्या संघाचे तपासनीस लाकूड पाहत आणि योग्य ठरल्यास त्यावर हाताच्या पंजाची खूण उमटवीत. बाजार होता, पण मालावर हाताची साक्ष होती. आमच्या फुटलेल्या वेरोनिकेवर कोणाच्या हाताची खूण होती? साच्यात ओतून सुकवलेला तो हात होता. त्याला हात हे नाव देतानाही आम्ही आता अडखळतो.

या सर्वांतून आम्ही जो बोध घेतो तो एवढाच. त्या लोकांनी आपल्या जंगलातले लाकूड घेतले, आपल्या खाणीतला दगड घेतला, आपल्या गावातला कारागीर घेतला आणि आपल्या शेजाऱ्यांचे चेहरे घेतले. त्यांच्या शिल्पांतील ख्रिस्त युरोपियन दिसतो, कारण ते युरोपियन होते. यात त्यांचा काही अपराध नाही. अपराध आमचा आहे, कारण आम्ही त्यांच्या श्रमाचे अनुकरण न करता त्यांच्या कातडीच्या रंगाचे केले. अनुकरण करायचेच तर त्यांच्या धाडसाचे करावे.

आता कोणी म्हणेल, त्यांच्याकडे परंपरा होती, आपल्याकडे काय आहे? असा प्रश्न मराठवाड्यात बसून विचारणे म्हणजे गोदावरीच्या काठी उभे राहून पाणी कुठे आहे असे विचारणे होय. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या आमच्या औरंगाबाद धर्मप्रांताच्या हद्दीतच वेरूळ आणि अजिंठा आहेत. वेरूळच्या कैलास लेण्याच्या भिंतींवर आठव्या शतकातील कारागिरांनी रामायण आणि महाभारत ओळीओळींनी कोरले. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात पाचव्या शतकातील भगवान बुद्धांचे महापरिनिर्वाण आहे : सुमारे सात मीटर लांबीची पहुडलेली आकृती, आणि खाली शोकाकुल शिष्यांची रांग. क्राकोव्हच्या त्या मृत्युप्रसंगाच्या हजार वर्षे आधी आमच्या मुलखातील पाथरवटाने मृत्यू आणि शोक दगडातून बोलते केले होते. डोंगरकड्याच्या आमच्या हिंगोली जिल्ह्यातच औंढा नागनाथाचे यादवकालीन मंदिर आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतींवर माणसे, प्राणी आणि देवता यांच्या ओळी आहेत. वरचे बांधकाम पुढे नव्याने करावे लागले, खालचे कोरीव पाषाण मात्र आजही उभे आहेत. आमच्या पूर्वजांपैकी कित्येकांना अशा मंदिरांच्या गाभाऱ्यात पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. परंतु तो दगड खाणीतून काढणारे, फोडणारे आणि वाहून नेणारे हात कोणाचे होते, हे का कोणी आम्हाला सांगायला हवे?

आणि ख्रिस्ती परंपराच हवी असेल तर गोव्याकडे पाहावे. जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष ज्या रुप्याच्या पेटीत आहेत ती १६३६-३७ मध्ये गोव्यातील सोनारांनी घडवली. तिच्या चारही बाजूंना संतांच्या चरित्रातील बत्तीस प्रसंग रुप्याच्या पत्र्यावर उठवले आहेत. पुढे साठ वर्षांनी तोस्कानाचा ड्यूक कोझिमो तिसरा याने फ्लॉरेन्सचा नामांकित शिल्पकार फोज्जिनी याच्याकडून संगमरवरी समाधी करवून पाठवली. तिच्यावर ब्राँझची चार उत्थित शिल्पे आहेत, आणि १६९८ मध्ये ती बासिलिकेत उभी राहिली. आज इटलीचा संगमरवर आणि ब्राँझ खाली आहे, आणि गोव्याच्या सोनारांची पेटी त्यावर विराजमान आहे. एका राजघराण्याची ही देणगी आली तेव्हाही कोणी गोव्याच्या सोनारांचे काम वितळवून टाकले नाही. आम्ही मात्र एका सूचिपत्रापुढे आमच्या पाथरवटाला हसलो.

आता आक्षेपांकडे वळू. बैठकीनंतर ते आमच्या कानी आले, आणि त्यांतील एकही आम्ही टाळू इच्छीत नाही.

पहिला आक्षेप : काळ्या दगडात कोरले तर आपले चर्च हिंदू मंदिरासारखे दिसेल. ही भीती आम्ही समजू शकतो. अल्पसंख्य समाजाला आपली ओळख पुसली जाईल असे सतत वाटत असते. परंतु ज्यांना ही भीती वाटते त्यांनी फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण करावे. १५७९ मध्ये गोव्यात उतरलेल्या या इंग्रज जेज्विट धर्मगुरूने प्रभूचे चरित्र मराठी ओवीत गुंफले, आणि ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. ओवी ही ज्ञानदेवांची, एकनाथांची. पुराण हा शब्दही इथलाच. म्हणून काय ख्रिस्तपुराण अख्रिस्ती झाले? ज्या भाषेला ओवीचा छंद चालतो तिला काळा पाषाण का चालू नये? दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयीच्या आपल्या घटनापत्रात स्पष्ट केले की ख्रिस्तसभेने कलेची कोणतीही एक शैली आपली म्हणून ठरवलेली नाही. प्रत्येक काळाच्या व प्रदेशाच्या कलेला, ती पवित्र स्थानाचा आदर राखीत असेल तर, तिथे जागा आहे. या विधानाला साठ वर्षे उलटून गेली. आम्ही अजून सूचिपत्र चाळतो आहोत.

दुसरा आक्षेप आमच्या गावांत नव्याने येणाऱ्या प्रार्थनागटांकडून येतो आणि आमच्याच तरुणांच्या तोंडून परत ऐकू येतो : ही सारी मूर्तिपूजा आहे, भिंती कोऱ्या ठेवा. या आक्षेपाचे उत्तर ख्रिस्तसभेने इ. स. ७८७ मध्ये निकेआच्या दुसऱ्या विश्वपरिषदेत दिले आणि १५६३ मध्ये त्रेंतच्या विश्वपरिषदेत पुन्हा दिले : प्रतिमेला दिलेला मान ती ज्याची प्रतिमा आहे त्याच्यापर्यंत पोहोचतो; लाकडात वा दगडात देवत्व आहे असे आम्ही मानीत नाही. हे उत्तर झिडकारल्यावर काय घडते तेही इतिहासाने दाखवले. १५६६ मध्ये नेदरलँड्समध्ये जमावांनी देवळे फोडली. उत्रेख्तच्या महामंदिरात एक पाषाणी उत्थित शिल्प आहे. त्यातील वस्त्रांच्या घड्या शाबूत आहेत, फक्त चेहरे तेवढे हातोड्याने छाटले आहेत. पुढे ते भिंतीआड झाकले गेले आणि विसाव्या शतकात पुन्हा उजेडात आले. मात्र न्युरेंबर्गचे उदाहरणही सांगितले पाहिजे. ते नगर १५२५ मध्ये लूथरच्या मताला मिळाले, तरी क्राफ्टचा तो साक्रामेंतचा मनोरा त्यांनी फोडला नाही. आजही तो त्याच देवळात उभा आहे. मतभेद असूनही हातांचा आदर करता येतो.

परंतु या संदर्भात एक गोष्ट आम्हाला आमच्याच लोकांना सांगावयाची आहे. हातोड्याने चेहरा नष्ट होतो, तसाच तो साच्यानेही होतो. उत्रेख्तच्या शिल्पाला आता चेहरा नाही. सूचिपत्रातील ख्रिस्ताला एकच चेहरा आहे, आणि तो हजार देवळांत सारखाच आहे. तो कोणाचाच नाही. ज्याला पाहून आमच्या उसाच्या फडातील, हळदीच्या शेतातील माणसाला 'हा माझ्यातला आहे' असे कधीही वाटणार नाही, त्या प्रतिमेने थोर ग्रेगरींच्या त्या वाचकांना काय वाचायला दिले?

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे : गरिबांच्या पोरांची फी भरायची सोडून दगड कसले कोरता? बेथानीतील त्या स्त्रीने प्रभूच्या मस्तकावर सुगंधी तेल ओतले तेव्हाही हा प्रश्न विचारला गेला होता. परंतु त्या उताऱ्याच्या आड लपण्याची आमची इच्छा नाही. आमचे उत्तर साधा हिशेब आहे. फायबरच्या संचाचे पैसे आमच्या वर्गणीतून निघून शहरातील दुकानात जातील. त्यातला एक रुपयाही या गावात परत येणार नाही. पाथरवटाला दिलेली मजुरी त्याच्या घरात जाईल, त्याच्या नातवंडांच्या फीमध्ये जाईल. गरिबांचा कैवार घ्यायचा असेल तर तो येथूनच घ्यावा.

शिवाय घाई कसली आहे? आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे की क्रुसाच्या वाटेसाठी मुख्य आवश्यकता चौदा क्रुसांची आहे. चित्रे आणि शिल्पे सोबतीला, ध्यानाला साहाय्य म्हणून असतात. चौदा साधे लाकडी क्रूस आमचा कोणीही सुतार एका दिवसात करून देईल. ते आधी लावावेत आणि मग वर्षाला एक स्थान पाषाणात घडत जावे. चौदा वर्षे लागतील. श्टोसला बारा लागली होती.

चौथा आक्षेप उघडपणे कोणी बोलत नाही, पण त्या हसण्यात तोच होता : पाटे टाकवणाऱ्याला हे जमेल का, आणि त्याने ते करावे का? पहिल्या भागाचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर, कदाचित पहिल्या प्रयत्नात जमणार नाही. जाते घडवणे आणि चेहरा घडवणे यांत अंतर आहे. आमचा काळा पाषाण क्राफ्टच्या वालुकाश्माइतका मऊही नाही. कोणाही हौशी हाताला देवळाची भिंत द्यावी असे आम्ही म्हणत नाही. आधी आराखडा कागदावर यावा, धर्मप्रांतातील जाणकारांना दाखवावा, आणि पहिली पाटी फसली तर ती बाजूला ठेवून दुसरी घ्यावी. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, असे आपण म्हणतो; ते घाव शिकणाऱ्यालाही सोसावे लागतात आणि धीर धरणाऱ्या धर्मग्रामालाही.

दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र आम्ही मुळीच सौम्यपणे देणार नाही. निर्गमाच्या ग्रंथात देव बसालेलाला नाव घेऊन बोलावतो, त्याला आपल्या आत्म्याने भरतो; आणि कशासाठी? सोने-रुपे घडवण्यासाठी, पाषाणाला पैलू पाडण्यासाठी, लाकूड कोरण्यासाठी. प्रभू येशूला त्याच्याच गावाने 'हा सुतारच ना?' असे म्हणून हिणवले होते. त्या दिवशी नासरेथच्या सभास्थानात जे बोलले गेले आणि आमच्या बैठकीत जे बोलले गेले, त्यांत आम्हाला फरक दिसत नाही. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या जातीवरून आणि कामावरून दाराबाहेर उभे केले गेले, त्या समाजाने ख्रिस्ताच्या घरात येऊन आपल्याच एका भावाला दाराशी बसवावे, आणि त्याच्या कामावरून हसावे, याहून दुसरे दुःख कोणते?

बैठकीनंतर आठ दिवसांनी आम्ही त्या पाथरवटांच्या घरी गेलो. अंगणात बाभळीखाली एक सपाट पाटी तासून ठेवलेली होती. कोणते स्थान आधी करावे असे त्यांनी विचारले. आम्ही पाचवे सुचवले, आणि कुरेनेकर शिमोनाची हकिकत त्यांना पुन्हा वाचून दाखवली : तो शेतातून येत होता, वाटेने चालला होता, आणि शिपायांनी त्याला वेठीस धरून प्रभूचा क्रूस त्याच्या खांद्यावर दिला. त्यांनी ऐकून घेतले. मग विचारले, "शेतातून येत होता म्हंजी डोक्याला मुंडासं आसंल?" आम्ही म्हटले, "असेल." त्यांनी कोळशाने पाटीवर एक रेघ ओढली.

निर्णय अद्याप झालेला नाही. पुनरुत्थानाच्या सणानंतर कुटुंबप्रमुखांची बैठक पुन्हा बसेल आणि सूचिपत्र पुन्हा टेबलावर येईल. त्या बैठकीत आम्ही आमचे मत मांडू. मते मोजली जातील, आणि जे ठरेल ते आम्ही मानू. परंतु हा प्रश्न एकट्या डोंगरकड्याचा नाही. वाचकहो, येत्या रविवारी मिस्सानंतर थोडे थांबा आणि आपल्या देवळातील चौदा चौकटींसमोरून एकदा चालत जा. त्या कोठून आल्या, कोणी घडवल्या, त्यांत आपल्या गावातला एक तरी चेहरा आहे का, हे स्वतःला विचारा. आणि आपल्या धर्मग्रामात लाकूड, दगड वा धातू घडवणारा कोणी असेल, तर तो बैठकीत कोठे बसतो तेही पाहा. दाराशी बसत असेल तर त्याला आत बोलवा. शिल्पाचे पुढे पाहता येईल.